मोजल्याशिवाय लिहायचे नाही

आदरणीय सरोजिनी हिरेमठ बाई यंदा वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण करत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी मी लेख द्यावा असा संपादक मंडळाचा आग्रह झाला आणि मी लगेच हो म्हणाले. तिथपर्यंत सारे ठीक होते. मग संपादकांनी फोनवरून लेख कसा असावा ते समजावून सांगितले. सुरुवात पहिल्या भेटीने करा, मध्ये बाईंचे कार्य येऊ द्या, एखाददुसरी हृद्य आठवण सांगा आणि शेवटी ‘बाईंची प्रकृती आजही ठणठणीत आहे’ असे एक वाक्य घाला, म्हणजे वाचणाऱ्याला बरे वाटते. बाकी कशाला माझी हरकत नव्हती. त्या शेवटच्या वाक्याने मात्र डोक्यात भुंगा सोडला. तेव्हापासून मी लिहायला बसते, उठते, ड्रेसिंगचे धुतलेले ट्रे पुन्हा धुऊन ठेवते आणि पुन्हा बसते. राग माझ्या नाकावर असतो हे आमच्या वर्गातल्या सगळ्याजणी जाणतात, तेव्हा हा लेख नीटनेटका झाला नाही तर मंडळींनी सांभाळून घ्यावे. ते वाक्य मला का लिहवत नाही, हे सांगितले की बाईंचे कार्य सांगून होईल, असे मला वाटते.

जुळे सोलापुरात एका किराणा दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत. तिथे बाईंचा वर्ग भरतो. दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करायला मुली तयार करण्याचा हा वर्ग. ‘मेडिकल असिस्टंट प्रशिक्षण’ असा फलक आता बाहेर लागला आहे. मी आले तेव्हा फलक नव्हता, जिन्याच्या भिंतीवर खडूने काढलेला एक बाण होता. मी करमाळ्याजवळच्या एका वाडीतली. घरी शेरडे-मेंढरे आणि पावसाच्या भरवशावरची जमीन. बारावी झाले होते आणि पुढे काय, या प्रश्नाला घरात लग्नाशिवाय दुसरे उत्तर नव्हते. कुणीतरी या वर्गाचे नाव सांगितले आणि मी भांडून, रुसून, एक पिशवी घेऊन सोलापूरला मावशीकडे आले.

पहिल्या दिवशी बाईंनी आमची नावेसुद्धा विचारली नाहीत. खुर्चीवर बसल्या, पदर खांद्यावर ओढून घेतला, डावा दंड पुढे केला आणि म्हणाल्या, माझं बी.पी. बघा. कसे बघायचे ते एकदाच भरभर दाखवले. दंडाला पट्टा असा गुंडाळायचा, फुगा दाबत राहायचे, मग हवा हळूहळू सोडायची. कानात ठोका सुरू होईल तो वरचा आकडा, ठोका बंद होईल तो खालचा. मग एकेकीला पुढे बोलावले. पहिली मुलगी कानात नळ्या घालून बराच वेळ गंभीर चेहऱ्याने बसली आणि म्हणाली, एकशेवीस ऐंशी. दुसरीचेही एकशेवीस ऐंशी. तिसरीने थोडे डोके चालवून एकशेबावीस ब्याऐंशी सांगितले. बाई प्रत्येकीला नुसते ‘बरं’ म्हणत होत्या. माझी पाळी आली. मी पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, हवा सोडली. काही नाही. पुन्हा केले. तरी काही नाही. माझ्या आधीच्या सगळ्याजणींना ऐकू आले आणि मला एकटीलाच नाही, म्हणजे माळावर वाऱ्यात हिंडून माझे कानच गेले असावेत, असे मनात आले. दुसऱ्या मुलीला अशा वेळी रडू आले असते. मला राग येतो.

“मला कायबी ऐकू येत न्हाय,” मी म्हणाले. “एक तर हे यंतर बिघडलंय, न्हायतर मी.”

बाईंनी तेव्हा प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले. स्टेथोस्कोप माझ्या हातातून घेतला, त्याची नळी खालच्या चकतीपासून सोडवली, अंबाड्यातली पिन काढली आणि नळीच्या आतून घट्ट दाबलेला कापसाचा बोळा बाहेर ओढला.

“यंतरच बिघडवलेलं आहे,” त्या म्हणाल्या. “आज एवढंच शिकायचं. मोजलं तर लिहायचं. मोजता आलं नाही तर जागा कोरी सोडायची आणि कोरी आहे म्हणून सांगायचं. मग परत येऊन ती भरायची.”

बाकीच्या मुली माना खाली घालून बसल्या होत्या. बाईंनी कुणाला बोल लावला नाही. सगळ्यांना चहा पाजला, नावे विचारली, कोण कुठून येते ते विचारले आणि खऱ्या स्टेथोस्कोपने एकमेकींचे ठोके ऐकायला बसवले. पहिला ठोका कानात आला तेव्हा मी इतकी चमकले की फुगा हातातून सुटला. हे गुपित मी आता छापून फोडते आहे, म्हणून आधी बाईंची परवानगी घेतली. त्या म्हणाल्या, छाप की, वाचून येणाऱ्या पोरीसुद्धा एकशेवीस ऐंशीच सांगणार, बघ तू.

बाई मूळच्या अक्कलकोटकडच्या. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि सरकारी दवाखान्यातल्या नोकरीत परिचारिका म्हणून वावरताना तेलुगू आणि इथली उर्दूही त्यांनी आपलीशी केली. ‘दुखतंय’ हे चारही भाषांत त्यांना इतके बारकाईने विचारता येते की म्हातारी माणसे त्यांना दुखण्याच्या आधी घरचे सगळे सांगून टाकतात. निवृत्तीनंतर त्यांनी आराम करायला हवा होता. त्यांचे यजमान हिरेमठ सर शाळेत गणित शिकवायचे, दोघांचे बरे चालले होते. एक दिवस सरांचे डोके दुखत होते म्हणून ते एकटेच एका खासगी दवाखान्यात गेले. बाई त्या दिवशी अक्कलकोटला लग्नाला गेल्या होत्या. दवाखान्यातल्या मुलीने सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, एकदोनदा फुगा दाबला आणि कागदावर एकशेवीस ऐंशी लिहिले. गर्दी होती. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि डोकेदुखीची गोळी दिली. त्याच आठवड्यात सरांना अर्धांगाचा झटका आला. त्यानंतर ते अंथरुणातून उठले नाहीत आणि वर्षभरात गेले.

बाई त्या दवाखान्यात भांडायला गेल्या नाहीत, हे मला आजही नवल वाटते. मी गेले असते आणि खुर्च्या मोडून आले असते. बाईंनी फक्त त्या मुलीला गाठले आणि तिला विचारले, का लिहिलंस. ती म्हणाली, मॅडम, मला कुणी शिकवलंच नाही, पांढरा कोट दिला आणि उभं केलं. बाई घरी आल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि वर्ग सुरू केला. त्यांची पहिली विद्यार्थिनी तीच मुलगी होती. ती आज सोलापुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात पाळीप्रमुख आहे, आणि तिच्या परवानगीनेच मी हे लिहिते आहे.

बाईंच्या वर्गात पुस्तक उशिरा येते. सुरुवातीचा सगळा आठवडा मुलींनी साध्या कपड्यांत एखाद्या गर्दीच्या दवाखान्यात बाकावर बसायचे असते. रुग्ण म्हणून नाही, कुणी म्हणूनच नाही, नुसते बसायचे. नाव पुकारण्याची वाट बघताना माणूस काय करतो, कुणाला लघवीला जायचे असते आणि नंबर जाईल म्हणून तो कसा अडून बसतो, आतली मुलगी ‘काय होतंय’ हे मान वर न करता विचारते तेव्हा बाहेरच्याचा चेहरा कसा होतो, हे पाहून यायचे. मला तो आठवडा जीवघेणा वाटला होता. बसून राहणे माझ्या रक्तात नाही. पण आज दवाखान्यात कुणी तीनदा उठून ‘अजून किती वेळ’ विचारायला आले तर मी त्याच्यावर ओरडत नाही, एवढा फरक त्या बाकाने माझ्यात केला आहे. माझ्या घरच्यांना विचारा, हा लहान फरक नाही.

बाईंचे माझ्यावरचे ऋण सांगायचे तर करमाळ्याचा बाजार सांगावा लागेल. वर्ग निम्मा झाला असताना वडिलांनी निरोप धाडला की स्थळ आले आहे, पोरीला पाठवून द्या. मी जाणार नाही म्हणून बसले. पुढच्या बाजारच्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने बाई एकट्याच करमाळ्याला गेल्या आणि शेरडांच्या बाजारात विचारत विचारत माझ्या वडिलांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. वडील सौद्यात होते. त्यांनी बाईंच्या हातात एका बोकडाचा कासरा दिला, जरा धरा म्हणाले, आणि गिऱ्हाइकाकडे वळले. इस्त्रीचे पातळ नेसलेल्या बाई सौदा संपेपर्यंत त्या लेंड्यांत कासरा धरून उभ्या होत्या. हे मला वडिलांनीच नंतर सांगितले, सांगताना त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

मग दोघे चहाच्या गाड्यावर बसले. वडिलांना माझ्या कोर्सबद्दल तक्रार नव्हती, माझ्या स्वभावाची काळजी होती.

“बाई, पोरगी लई भांडकुदळ हाय,” ते म्हणाले. “दवाखान्यात दुखणाईत मान्संशी भांडंल आन तुमचं नाव घालवंल.”

“भांडू दे की,” बाई म्हणाल्या. “दादा, मला न भांडणाऱ्या पुष्कळ मिळतात. ऐकू आलं नाही तर नाही म्हणणारी ही एकच मिळाली.”

वडिलांनी स्थळाला नकार कळवला. मला मात्र पुढे कित्येक दिवस बाईंनी त्याबद्दल एक चकार शब्द सांगितला नाही, उलट ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये चिमटा उलटा ठेवला म्हणून सगळ्यांसमोर झापले.

कोर्स झाल्यावर मला चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत काम मिळाले. पगार बरा, बसायला खुर्ची, वर पंखा. मी सुखात होते म्हणायला हरकत नाही. मग कामगारांची वार्षिक तपासणी आली. दाराबाहेर रांग लागली, आणि तिथले एक साहेब आत येऊन म्हणाले की मशीन थांबल्यात, प्रत्येकाचे मोजत बसू नका, तरणीताठी माणसे आहेत, नॉर्मल लिहून टाका. मी नाही म्हणाले. ते म्हणाले, मग सही आम्ही करतो. मी म्हणाले, करा, पण मग पट्टाही तुम्हीच गुंडाळा, आणि तो त्यांच्या हातात ठेवून, नोकरी सोडून बाहेर पडले. बस मिळेपर्यंत माझा राग होता तसाच होता. जुळे सोलापुरात उतरले तेव्हा तो निवला आणि त्याच्या जागी भीती आली, कारण आता घरी काय सांगणार. पाय आपोआप बाईंच्या जिन्याकडे वळले. बाईंनी सगळे ऐकून घेतले. चांगले केलेस असे म्हणाल्या नाहीत. पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, उद्यापासून ड्रेसिंगचा तास तू घे, मला त्या चिमट्यांचा कंटाळा आलाय. तेव्हापासून मी त्यांची सहकारी आहे.

सहकारी म्हटले तरी बाईंबरोबर काम करणे ही सोपी गोष्ट नाही. त्या एका जागी बसत नाहीत. शिकवताना खोलीभर फिरतात, फिरताना हातातला फुगा दाबत राहतात, त्याच्या फुसफुशीवरून बाई कुठे आहेत ते मान न वळवता कळते. त्यांना चिंता फार. एका महिन्यात प्रमाणपत्र देणाऱ्या जागा शहरात निघाल्या आहेत, मोबाइलवर चित्रफिती दाखवायच्या आणि शेवटी कोट घालून फोटो काढायचा. तिथून बाहेर पडलेल्या मुलींना दवाखान्यात ‘सिस्टर’ म्हणतात आणि त्यांना पट्ट्याची उलटी-सुलटी बाजू ठाऊक नसते. बाईंना हे सहन होत नाही. आपण गेल्यावर आपल्याही वर्गाचे तसेच होईल, अशी धास्ती त्यांनी घेतली होती, आणि म्हणून त्या वर्ग कुणाच्या हाती देत नव्हत्या. माझ्याही नाही. मी शिकवत असले की त्या मागच्या बाकावर येऊन बसायच्या आणि माझे वाक्य संपायच्या आत दुरुस्त करायच्या. आमची त्यावरून भांडणे होत. अगदी खणखणीत होत, खालचा किराणावाला वर बघायचा.

मला वेगळीच धास्ती होती. गेल्या वर्षापासून बाई सकाळी डोक्याला घट्ट फडके बांधून येऊ लागल्या होत्या. जिना चढताना कठडा धरायच्या. शिकवता शिकवता थांबून भिंतीला हात लावायच्या. विचारले की सोलापूरचे ऊन हे एकच उत्तर. पावसाळ्यातही ऊनच. मी म्हणायचे, बाई, एकदा बी.पी. बघू या. त्यावर त्यांचा ठरलेला विनोद होता. इतक्या पोरींनी माझं बी.पी. पाहिलंय, सोलापुरात माझ्याइतकं कुणाचं बघितलं गेलं नसेल. सगळ्या हसायच्या. मीही हसायचे आणि मग चिडायचे, कारण ते खरेच होते आणि खोटेही. वर्षानुवर्षे प्रत्येक तुकडीतल्या प्रत्येक मुलीने बाईंच्या दंडाला पट्टा गुंडाळला होता, आणि प्रत्येक वेळी नळीत कापसाचा बोळा होता. बाईंचा ठोका कुणीही ऐकलेला नव्हता. मी पट्टा घेऊन पुढे गेले की त्यांना तेवढ्यात कुठलेतरी काम आठवायचे. एकदा मी दारच अडवले, तर त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी रोज बघत होते आणि मला काही करता येत नव्हते.

मागच्या तुकडीत अनुषा नावाची मुलगी होती. सोलापूरच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू, वडील टॉवेलच्या कारखान्यात, आई विड्या वळते. फार बोलणारी नव्हे. पहिल्या दिवशी बाईंच्या दंडाला पट्टा गुंडाळून तीही बराच वेळ बसली आणि शेवटी हळूच म्हणाली होती, मॅडम, मला कायच ऐकू येईना की. बाईंनी नेहमीप्रमाणे बोळा काढला आणि नेहमीचे सांगितले, मोजलं नाही तर कोरी सोड, परत येऊन भर. ती मान डोलावून बसली.

तुकडीचे शेवटचे दिवस चालले होते. बाई भाजलेल्या जखमेबद्दल सांगत होत्या, एक हात भिंतीला होता. मी ड्रेसिंगचा ट्रे घेऊन दारात उभी होते. अनुषा मध्येच उठून उभी राहिली.

“मॅडम, माझं एक बाकी हाय.”

बाईंनी विचारले, काय बाकी.

“पयल्या दिवशी तुमचं बी.पी. ऐकू आलं नव्हतं. तुमी बोलला, परत येऊन भरायचं. ते भरायचं ऱ्हायलंय.”

कुणीतरी फिसकन हसले. बाईही हसल्या. अगं, ते शिकवण्यापुरतं असतं, बस, म्हणाल्या. अनुषा बसली नाही. तिच्या गळ्यात तिने स्वतः घेतलेला स्टेथोस्कोप होता, आणि ती शिक्षा झालेल्या मुलीसारखी खाली बघत उभी होती, पण उभी होती. बाईंनी माझ्याकडे पाहिले. हिला तू बसव, असे त्या डोळ्यांनी सांगत होत्या. मी ट्रे खाली ठेवला आणि बाईंची खुर्ची ओढून त्यांच्या मागे लावली.

बाई बसल्या. पोलक्याची बाही वर सारून दंड पुढे केला आणि लगेच त्यांचे सुरू झाले. पट्टा जरा वर घे. एवढा सैल नको. कोपराच्या वर दोन बोटं. कोर्सच्या सुरुवातीलाच बाई शिकवतात ती एक गोष्ट इथे सांगायला हवी. मोजताना रुग्ण बोलला तर आकडा चढतो, म्हणून त्याला आधी गप्प करायचे. बाई कुठल्याही भाषेच्या माणसाला त्यासाठी कन्नडमध्ये एकच म्हणतात, सुम्न कूड्री, म्हणजे शांत बसा हो. त्यांच्या सुरावरून ते सगळ्यांना कळते. आमच्या वर्गातून गेलेल्या मुली, मग त्या करमाळ्याच्या असोत की पूर्व भागातल्या, दवाखान्यात तेच म्हणतात.

अनुषाने कानात नळ्या घातल्या आणि म्हणाली, “सुम्न कूड्री.”

बाईंचे तोंड उघडे होते ते मिटले. मी इतक्या वर्षांत त्यांना कुणी गप्प केलेले पाहिले नव्हते. फुग्याचा आवाज झाला, मग हवेचा. अनुषाने पट्टा सोडला, जरा थांबली, दुसऱ्या दंडाला गुंडाळला आणि पुन्हा सगळे पहिल्यापासून केले. झाल्यावर ती आकडा बोलेना. माझ्याकडे बघत राहिली.

“मोजलंयस ना?” मी म्हणाले. “मग सांग.”

“वरचं एकशे नव्वद. खालचं एकशे दहा.”

परत बघ, बाई म्हणाल्या. अनुषा म्हणाली, दोन्ही हातांचं बघितलं, मॅडम. मग मी माझ्या कानात नळ्या घातल्या. ठोका स्पष्ट होता. बाईंचा ठोका मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आकडा तोच होता. बाई दंडावरचा सैल पट्टा तसाच ठेवून बसून राहिल्या.

रिक्षातून डॉक्टरांकडे जाताना त्यांनी माझा हात धरला. एरवी रस्ता ओलांडतानाही त्या कुणाचा हात धरत नाहीत.

“भीती वाटायची, लते,” त्या म्हणाल्या. “सरांच्या नंतर मला आकड्याचीच भीती बसली. कुणीतरी सांगेल आणि मग ते खरं होईल. पोरींची परीक्षा घ्यायला बोळा घालत होते, पण तो मलाही बरा पडायचा.”

मला त्यांचा राग आला होता, इतका की रिक्षा थांबवून ओरडावेसे वाटत होते, आणि त्याच वेळी त्यांना लहान मुलीसारखे पोटाशी धरावेसे वाटत होते. मी दोन्ही केले नाही. हात धरून बसले.

डॉक्टरांनी त्यांना काही दिवस ठेवून घेतले. नजरेवर आणि मूत्रपिंडावर थोडा परिणाम झाला होता, पण मोठे काही व्हायच्या आत त्या आल्या, असे ते म्हणाले. मग त्यांनी बाईंना, त्या परिचारिका असूनसुद्धा असे वागल्याबद्दल, पुष्कळ ऐकवले. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, या डॉक्टरांकडची मुलगी बाहीवरून पट्टा गुंडाळते, तिला आपल्याकडे पाठवायला सांग.

घरी बसवलेल्या बाई म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगून कळणार नाही. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, मीठ कमी करायचे, जिना चढायचा नाही, या तिन्हींवर त्यांनी आमच्याशी वाद घातला. शेंगदाण्याच्या चटणीवरून तर मी आणि त्या दोन दिवस अबोला धरून होतो. मग एक दिवस त्यांनी वर्गाची किल्ली माझ्याकडे पाठवली, सोबत तो बोळ्याचा स्टेथोस्कोप. निरोप एवढाच होता की आता पहिल्या दिवशी पोरींपुढे दंड तू दे, पण आधी स्वतःचं मोजून घे. मी मोजून घेतले. माझ्या स्वभावाच्या मानाने बरे निघाले, याचे बाईंना अजून आश्चर्य वाटते.

वर्गात आता एक नवी रीत आहे. रोज सकाळी एक मुलगी बाईंच्या घरी जाते, पट्टा गुंडाळते, सुम्न कूड्री म्हणते आणि ऐकते. पाळी लावलेली आहे. पहिल्या दिवशी माझ्या दंडावर बोळ्यामुळे ज्यांची जागा कोरी राहते, त्या सगळ्यांनी कोर्स संपायच्या आत ती बाईंच्या दंडावर भरायची असते. अनुषा आता एका दवाखान्यात नोकरीला आहे आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःची पाळी नसताना येते. पण आकडा अजून खोड्या काढतो. एक दिवस चांगला येतो, दुसऱ्या दिवशी चढतो. ज्या सकाळी मुलीचा फोन उशिरा येतो त्या सकाळी मी जिन्यात उभी राहते आणि दुकानवाल्यावर उगाच खेकसते.

म्हणून शेवटी संपादकांच्या त्या वाक्याकडे येते. मी त्यांना सांगितले की मला ते लिहिता येणार नाही. ते समजुतीने म्हणाले, मॅडम, नुसते शुभेच्छेचे वाक्य आहे, कोण मोजून बघणार आहे. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, पण मी फोन ठेवला, कारण पुढे बोलले असते तर हा लेखच छापला गेला नसता. हा लेख मी आज लिहिते आहे आणि ग्रंथ तुमच्या हाती येईल तो दिवस वेगळा असेल. त्या दिवसाचे मोजल्याशिवाय मी कसे लिहू? बाईंनी मला जे शिकवले तेच मी इथे करते.

बाईंची आजची प्रकृती : ____________

ही छपाईची चूक नाही. समारंभाच्या सकाळी आम्ही मोजू आणि जो आकडा येईल तो मंचावरून सांगू. ज्यांना समारंभाला येता येणार नाही त्यांनी सवडीने बाईंच्या घरी यावे. ‘कशा आहात’ असे विचारू नये, त्या ठणठणीत म्हणतील. पाळीच्या मुलीला विचारावे आणि मग ही जागा आपल्या हाताने भरावी. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कोरी झाली असे समजावे.

बाई, तुमच्यापुढे नमस्कार करायला वाकले की तुम्ही पाठीत धपाटा घालता, म्हणून इथेच वाकते. आयुष्य मागायचे ते मी देवाकडे आकड्यात मागत नाही. इतकेच मागते की पुढच्या तुकडीतली, तिच्या पुढच्या तुकडीतली, आणि आज जी अजून पाळण्यात आहे ती मुलगीसुद्धा एका सकाळी तुमच्या दारात यावी, तिच्या गळ्यात स्टेथोस्कोप असावा, आणि तिने म्हणावे, मॅडम, माझी एक जागा कोरी राहिली आहे. तेव्हा तुम्ही दंड पुढे करा.

आणि सुम्न कूड्री.